चाचींच्या बरणीतला हायड्रोजन

“मग यात खोटं काय आहे, तेवढं तरी सांगा उस्ताद!”

सुकुमार मगदूमनं हे विचारलं तेव्हा बाबालाल उस्ताद कार्बोरेटर उघडून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. पेट्रोल सोडणारं बारीकसं जेट उन्हाकडे धरलं, एक डोळा मिटला, आणि भोकातून आभाळ दिसतंय का ते पाहिलं.

दिसलं असावं. त्यांनी जेट फडक्यावर ठेवलं आणि दुसरं उचललं.

दिवस मंगळवारचा होता. काही म्हणजे काही विशेष नसलेला. वैशाखाचं ऊन सकाळी आठलाच चढलं होतं, कुरुंदवाडच्या स्टँडवर रिक्षा नेहमीसारख्या सावली धरून उभ्या होत्या, आणि चहाच्या गाडीवर नेहमीच्या वेळेला पेपर आला होता. फरक इतकाच, की त्या दिवशीच्या पेपरात जिल्ह्याच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, सुकुमारचा फोटो होता. हातात काचेची बरणी. वर मथळा : ‘पाण्याच्या जोरावर धावते रिक्षा.’

चहा उकळेपर्यंत बातमी स्टँडभर झाली. दुसरा उकळेपर्यंत गावभर.

सुकुमारनं पेपराच्या चार प्रती घेतल्या. एक घरी दिली, एक गॅरेजच्या भिंतीला लावली, एक खिशात ठेवली. चौथी घेऊन तो तडक इथं आला होता, स्टँडमागच्या चिंचेखाली. उस्तादांच्या पत्र्याच्या शेडला चाळीस वर्षांत कधी बोर्ड लागला नाही. ज्याची गाडी बिघडायची त्याला ती जागा बरोबर सापडायची.

सुकुमार याच शेडमध्ये सहा वर्षं राबला होता. मग त्यानं डिप्लोमा केला, मग जयसिंगपूर रस्त्याला स्वतःचं गॅरेज टाकलं. बोर्ड लावला. बोर्डावर नाव इतकं मोठं, की खालचं गॅरेज त्या नावाच्या सावलीत मावायचं.

“पेपरात आलंय,” तो म्हणाला.

“वाचलं.”

“मग?”

“फोटो चांगला आलाय. पोट कमी दिसतंय.”

“उस्ताद, मी चेष्टेवर आलेलो नाही.”

“बरणी ओळखू आली,” उस्ताद म्हणाले, आणि पुन्हा जेटात बघू लागले.

बरणी त्यांच्याच घरची होती. त्यांच्या बायकोची, हमीदाचाचींची. चाची होत्या तोवर त्या बरणीत दर वर्षी कैरीचं लोणचं पडायचं आणि शेडमधल्या प्रत्येकाच्या डब्यात त्याची फोड यायची, मग तो कोणत्याही जातीचा असो आणि कितीही पथ्याचा असो. चाचींना जाऊन दोन वर्षं झाली. बरणी फळीवर रिकामी होती. पाडव्याच्या आधी सुकुमारनं ती मागितली होती.

“नेऊ का, उस्ताद? प्रयोगाला हवीय. अशी जाड काच आता मिळत नाही.”

उस्तादांनी स्वतः ती फळीवरून उतरवली होती, पंच्यानं पुसली होती.

“ने,” म्हणाले होते. तेवढंच.

बरणीत सुकुमारनं पाणी भरलं, चमचाभर कॉस्टिक सोडा घातला, स्टीलच्या सात पट्ट्या उभ्या केल्या. पट्ट्यांना बॅटरीची वीज जोडली की पाणी फुटून हायड्रोजनचे बुडबुडे यायचे. तो वायू नळीनं इंजिनात सोडायचा. इंजिनाला फुकटचं जळण मिळतं, पेट्रोल कमी लागतं, असा एकूण हिशेब. स्टँडवरच्या अण्णाप्पा कोळ्याच्या रिक्षात त्यानं हे पाडव्याला बसवलं होतं. लिटरला बावीस किलोमीटर जाणारी रिक्षा अठ्ठावीस जाऊ लागली. दर सोमवारी सुकुमार स्वतः जाऊन वहीत आकडा लिहून घ्यायचा.

आता स्टँडवरच्या बत्तीस रिक्षावाल्यांना तीच बरणी हवी होती. रविवारी सकाळी सगळे जमणार होते. फक्त त्यांची एक अट होती, आणि ती सुकुमारला पायात रुतलेल्या खिळ्यासारखी सलत होती.

“ते म्हणतात, बाबालाल उस्ताद हो म्हणाले तरच बसवू,” तो म्हणाला. “डिप्लोमा माझा, प्रयोग माझा, वही माझी. आणि ‘हो’ तुमचा पाहिजे.”

“लोक येडे आहेत,” उस्ताद म्हणाले.

“मग म्हणा ना ‘हो’.”

“चहा घे.”

चाची गेल्यापासून शेडमधला चहा गाडीवरून यायचा. दोन ग्लास आले. सुकुमारनं घोट घेतला तो रागानं, त्यामुळे त्याची जीभ पोळली.

“तुम्हाला पटत नाही, हे मला कळतंय,” तो म्हणाला. “तुमचं सगळं कानावर. इंजिनाला कान लावायचा, हात लावायचा, आणि सांगायचं. आकडा कधी लिहिलात? दोन महिन्यांची वही आहे माझ्याकडे. आठ सोमवार! अठ्ठावीस, साडेसत्तावीस, अठ्ठावीस, एकदा तर एकोणतीस.”

“पाणी किती घटलं बरणीतलं?”

सुकुमारचा चेहरा उजळला. हा प्रश्न कोणी विचारावा म्हणून तो कधीचा थांबला होता.

“तीच तर कमाल आहे! दोन महिन्यांत फक्त बोटभर. बोटभर पाण्यावर दोन महिने. पेपरवाल्यालासुद्धा खरं वाटेना.”

उस्तादांनी कोपऱ्यातल्या माठाकडे पाहिलं.

“माझ्या माठातलं दोन दिवसांत घटतं बोटभर.”

“माठाचा काय संबंध?”

“काही नाही. ऊन फार आहे यंदा.”

…

तेवढ्यात अण्णाप्पाची रिक्षा आली. त्याला बोलावणं गेलं होतं की तो आपसूक आला होता, ते सुकुमारला शेवटपर्यंत कळलं नाही. अण्णाप्पा पन्नाशीचा, रिक्षाहून रुंद माणूस. त्यानं शर्टाच्या खिशात तोच पेपर घडी करून ठेवला होता, कारण फोटोत बरणीच्या मागे त्याच्या रिक्षाचं चाक आलं होतं.

“काय ओ सायंटिस्ट!” तो खाली उतरत म्हणाला. “माझं चाक बघितलंसा न्हवं? बायको म्हणती, चाकाशेजारी जरा मान घालायची होती.”

“अण्णाप्पा, गाडी चालूच ठेव,” उस्ताद म्हणाले. मग त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि सुकुमारपुढे धरला. “डोळ्याला बांध.”

सुकुमार हसला. हे तो ओळखत होता. त्या शेडमध्ये शिकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांना हा पंचा बांधला जायचा. हात इंजिनाच्या झाकणावर ठेवायचा आणि उस्ताद काय करतायत ते नुसत्या कानानं आणि तळव्यानं सांगायचं. कोणाला महिना लागायचा, कोणाला वर्ष. सुकुमारला अकरा दिवस लागले होते. ही गोष्ट त्यानं आजवर कोणाला सांगायची सोडली नव्हती.

“आता काय माझी परीक्षा?”

“हो म्हणायचं म्हणजे विचारायला नको?”

पंचा बांधला गेला. त्याला ऑइलचा आणि उन्हाचा तोच जुना वास होता. सुकुमारनं हात ठेवला. इंजिन एकसारखं चाललं होतं, गुबगुबीत मांजर गुरगुरावं तसं. त्याच्याच हातचं काम. त्याला अभिमान वाटला.

“ओझं येईल तेव्हा सांग,” उस्ताद म्हणाले. “गेलं की तेही सांग.”

…

“आलं,” सुकुमार म्हणाला. इंजिनाचा आवाज केसभर खाली बसला होता. पोतं पाठीवर घेताना हमाल हुंकार देतो ना, तसा.

…

“गेलं.”

“मला तर काईच कळंना,” अण्णाप्पा पुटपुटला.

“आलं… गेलं. हे काय, हेडलाइट लावताय का तुम्ही? आलं! आता जास्त वेळ ठेवलंय. अजून आहे… अजून… गेलं.”

सात वेळा आलं आणि सात वेळा गेलं. सातही वेळा सुकुमारनं बरोबर सांगितलं. शेवटी त्यानं पंचा स्वतःच वर सरकवला, लग्नातल्या नवरदेवाच्या तोऱ्यात.

“कान अजून शाबूत आहे, उस्ताद!”

“आहे,” उस्ताद म्हणाले. त्यांनाही आनंद झाला होता. तो त्यांनी लपवला नाही.

मग त्यांनी मूठ उघडली. तळव्यावर नखाएवढा लाल फ्यूज होता.

सुकुमारनं तो बघितल्याबरोबर ओळखला. त्यावर त्याच्याच हातचा पांढऱ्या रंगाचा ठिपका होता. बॅटरीची वीज बरणीत जाते त्या वाटेवर हा फ्यूज बसवलेला. तो लावला की बरणी चालू, काढला की बंद.

“म्हणजे ओझं…” तो म्हणाला.

“तू सांगितलंस. मी नाही.”

सुकुमारनं फ्यूजकडे पुन्हा पाहिलं. पण तो डिप्लोमावाला होता, असा एका फटक्यात हरणारा नव्हता.

“ओझं थोडं येणारच, उस्ताद. वीज काय आकाशातून पडते? इंजिनच डायनॅमो फिरवतं, त्यातूनच येते. वीज काढली की त्याला जास्त राबावं लागणार, हे मलाही कळतं. पण बदल्यात वायू मिळतो! देणं थोडं, घेणं जास्त. नाहीतर अठ्ठावीस आलं असतं का? वही खोटी आहे का?”

“वही खरी आहे.”

“मग?”

“हा फ्यूज मी कुठून काढला?”

“आत्ता. रिक्षातून.”

उस्तादांनी शर्टाच्या खिशातून काड्यापेटी काढली. उघडली. आत काड्या नव्हत्या, कापूस होता. फ्यूज त्यांनी आत ठेवला. कापसाच्या खळग्यात तो इतका नेमका बसला, की त्या पेटीत तो फार दिवस राहत असावा हे कोणालाही कळलं असतं.

“आत्ता पेटीतून काढून लावला, आणि परत काढला. सात वेळा,” ते म्हणाले. “त्याआधी तो पेटीतच होता. पाडव्यानंतरच्या चौथ्या दिवसापासून.”

…

चिंचेवर एक कावळा येऊन बसला.

“अण्णाप्पा,” सुकुमार म्हणाला. “काय झालं होतं चौथ्या दिवशी?”

“सकाळी गाडी चालूच हुईना की. बॅटरी झोपलेली. सेल्फ मारला तर नुसतं टक-टक. दारात वाडीला जाणारं शीट उभं, देवदर्शनाला जायचं म्हणून घाई करालेलं. ढकलत इथं आणली. उस्तादांनी मागं हात घातला, काय तरी काढलं, बॅटरी चार्ज करून दिली, आणि म्हणाले, ‘झालं, जा.’ मी गेलो.”

“मला सांगितलं नाहीस?”

“काय सांगू? तुमचा लाल दिवा तर लागत हुता!”

दिवा लागत होता. सुकुमारला आठवलं. हँडलजवळ त्यानं हौसेनं बसवलेला लाल दिवा. बटण दाबलं की लागायचा. फ्यूज दिव्याच्या पुढे, बरणीकडे जाणाऱ्या तारेवर होता. दिव्याला बरणीची खबर असण्याचं काही कारण नव्हतं.

“आठ सोमवार,” तो हळू म्हणाला. “आठही सोमवार बरणी बंद होती.”

“पाणी होतं,” उस्ताद म्हणाले. “सोडा होता. पट्ट्या होत्या. सगळं होतं.”

“आणि अठ्ठावीस आलं.”

“एकदा एकोणतीससुद्धा.”

सुकुमार शेडच्या लाकडी बाकावर बसला. त्याच्या खिशात पेपरची घडी कुरकुरली. मग त्याला माठ आठवला. बोटभर पाणी आठवलं, तेही उन्हानंच घटलेलं. पेपरवाल्याला आपण ते कसं दोनदा सांगितलं, बोट वर करून दाखवलं, तेही आठवलं. कानाच्या पाळ्या तापल्या.

“तुम्ही मला का नाही सांगितलंत? आठ सोमवार, उस्ताद! मी गावभर सांगत फिरलो.”

“सांगायला निघालोच होतो. पहिल्या सोमवारीच.”

“मग?”

“तू आधी आलास. वही घेऊन. हसत.” उस्तादांनी काड्यापेटी बंद केली. “शेडमध्ये बऱ्याच दिवसांनी कोणीतरी हसत आलं होतं…”

पेटी त्यांनी परत खिशात टाकली.

अण्णाप्पाला मात्र दुसरीच काळजी होती.

“पण मग माझं पेट्रोल वाचलं कशानं?” त्यानं विचारलं. “वाचलं तर हाय. खोटं बोलत न्हाई मी.”

उस्तादांनी इंजिन बंद केलं, रिक्षा न्यूट्रलला टाकली, आणि सुकुमारकडे बघून फक्त एक बोट वर केलं.

सुकुमार उठला. त्यानं एक बोट रिक्षाच्या पाठीला लावलं आणि ढकललं. रिक्षा निघाली. लोणी सरकावं तशी. अण्णाप्पाला पळत जाऊन पुढचं चाक धरावं लागलं.

शेडच्या दुसऱ्या बाजूला कामाला आलेली एक रिक्षा उभी होती. उस्तादांचं बोट तिच्याकडे वळलं. सुकुमारनं तिला एक बोट लावलं. मग तळहात. मग दोन्ही हात. मग खांदा. रिक्षा हूं की चूं करेना. चाकात हवा अर्धी, ब्रेक घासतायत, हे त्याच्या खांद्यालाच कळलं.

तो तसाच खांदा लावून उभा राहिला. आणि उभ्या उभ्या त्याला पाडव्याचा दिवस दिसू लागला. बरणी बसवायच्या आधी प्रयोग चोख व्हावा म्हणून त्यानं काय काय केलं होतं! ब्रेक मोकळे केले. चाकांत हवा भरली. हवेची जाळी साफ केली, प्लग बदलला, कार्बोरेटर उघडून धुतला. दर सोमवारी वही लिहिताना हवा पुन्हा तपासली, जाळी पुन्हा झटकली. ते सगळं त्यानं वहीत कुठंच लिहिलं नव्हतं. ते काय लिहायचं? ते तर आपलं नेहमीचंच.

“आणि तू रे?” त्यानं अण्णाप्पाकडे बघितलं. “तू काय केलंस?”

“मी? काय न्हाई.” अण्णाप्पानं मान खाजवली. “आता सोमवारी तुम्ही वही घिऊन येणार म्हटल्यावर माणूस जरा बेतानं चालवतोच की. पैल्यासारखी दामटली न्हाई. उगा ब्रेक न्हाई, उगा रेस न्हाई. शीट मिळवायला कोणाच्या म्होरं न्हाई गेलो. बायको म्हणाली, ‘अलीकडं घरी आल्यावर चिडत न्हाईसा, बरं हाय न्हवं?’ मी म्हटलं, ‘अगं, हायड्रोजन हाय!’”

सुकुमारला वाटलं, आता आपण रडणार. आलं ते हसू. आधी नाकातून, मग तोंडातून, मग साऱ्या अंगातून. तो रिक्षाला धरून खाली बसला. अण्णाप्पा कशाला हसायचं ते न कळताच हसू लागला, आणि त्याला हसताना बघून उस्तादांना चहाचा ठसका लागला.

चिंचेवरचा कावळा उडून गेला.

हसू ओसरल्यावर सुकुमारनं डोळे पुसले. मग पेपरची घडी काढली, उलगडली, फोटोकडे पाहिलं.

“रविवारी काय सांगू मी त्यांना?” तो म्हणाला.

“मी हो म्हटल्याचं सांग.”

“काय?”

“हो म्हणतो मी. बसव. बत्तीसही बसव.”

“अहो, पण…”

“फ्यूज तेवढा लावू नकोस.”

सुकुमारनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. उस्तादांच्या चेहऱ्यावर चेष्टा दिसत नव्हती. उपदेशही दिसत नव्हता. ते फडक्यावरची जेटं एकेक करून बसवत होते.

आणि हे चालण्यासारखं होतं! तेच तर सुकुमारला त्या रात्री घरी, आणि पुढचे चार दिवस गॅरेजमध्ये, छळत राहिलं. बरणी बसवायच्या निमित्तानं बत्तीस रिक्षा साफ होतील. बत्तीस माणसं बेतानं चालवतील. सगळ्यांचं पेट्रोल वाचेल. पेपर खरा ठरेल, फोटो खरा ठरेल, बोर्डावरचं नाव आणखी मोठं करता येईल. कोणाचं नुकसान? कोणाचंच नाही. शिवाय उस्तादांचा होकार मिळालेला. त्याला हवं होतं ते सगळं हातात होतं.

बरणी तेवढी उपाशी राहिली असती. आणि ते तिघांनाच माहीत असतं.

बुधवारी त्यानं भिंतीवरचा पेपर उतरवला. गुरुवारी परत लावला. शुक्रवारी बायकोनं विचारलं, “अहो, एक तर लावून ठेवा, नाहीतर काढून टाका. भिंतीचा रंग जातोय.”

शनिवारी त्यानं अण्णाप्पाच्या रिक्षातली बरणी सोडवली.

…

रविवारी सकाळी बत्तीस रिक्षावाले स्टँडवर जमले. कोणी रिक्षा धुऊन आणली होती, कोणी हार घातला होता. सुकुमार अण्णाप्पाच्या रिक्षाच्या पायरीवर उभा राहिला.

“उस्ताद हो म्हणालेत,” तो म्हणाला.

टाळ्या पडल्या.

“पण मी नाही म्हणतोय.”

टाळ्या मध्येच अडकल्या.

मग त्यानं सगळं सांगितलं. फ्यूज, काड्यापेटी, माठ, बोटभर पाणी. काही लपवून ठेवलं नाही. एकदा सुरुवात झाल्यावर त्याला स्वतःलाच मजा येऊ लागली, आणि बोट वर करून पेपरवाल्याला कसं दाखवलं ते त्यानं तसंच करून दाखवलं, तेव्हा पहिली खसखस पिकली. मग थांबेचना.

“म्हंजे पेपर खोटा?” मागून कोणीतरी ओरडलं.

“फोटो खरा आहे!”

“आणि माझं चाक बी!” अण्णाप्पा ओरडला.

“मग आमच्या पेट्रोलचं काय ते बोला की राव. तुमचं नाटक बघाय रविवार घालवला व्हय आम्ही?”

सुकुमारनं एक बोट वर केलं.

“ज्याची रिक्षा एका बोटानं ढकलली जाईल, त्यानं घरी जावं. बाकीच्यांनी रांगेत लागावं.”

पुढचा तासभर कुरुंदवाडच्या स्टँडवर जे झालं ते बघायला एसटीतली माणसंसुद्धा उतरली. धिप्पाड गडी आपापल्या रिक्षाला एकेक बोट लावून, गाल फुगवून, लाल होऊन उभे होते. शेजारचे पैजा मारत होते. बत्तीसांतल्या पाच निघाल्या. सत्तावीस जाग्यावर. एका गड्यानं चोरून गुडघा लावला, तर पाचजणांनी त्याला धरून रांगेत सर्वांत मागे नेलं. हार घातलेली रिक्षा तसूभरही हलली नाही, तेव्हा तिच्या मालकानं हार काढून सुकुमारच्या गळ्यात घातला आणि म्हणाला, “घ्या, आता तुम्हीच सोडवा हिला.”

सुकुमारनं बाह्या वर केल्या. दुपार टळेपर्यंत तो चाकांखाली होता. गळ्यातला हार काढायचं त्याला सुचलंच नाही.

उन्हं कलली तेव्हा तो चिंचेखाली आला. अंगभर ऑइल, झेंडूच्या पाकळ्या, आणि काखेत कापडात गुंडाळलेली बरणी.

उस्ताद बाकावर बसले होते. स्टँडचा गलका त्यांना इथं ऐकू आला असणार. सरकून त्यांनी जागा केली.

“सात वेळा धुतली,” सुकुमार म्हणाला. “आधी व्हिनेगरनं, मग उकळत्या पाण्यानं. कालपासून उन्हात होती.”

उस्तादांनी बरणी हातात घेतली. सूर्याकडे धरली. जेट धरायचे तशीच, एक डोळा मिटून. काचेतून चिंच दिसली, शेड दिसली, आभाळ दिसलं.

मग त्यांचा हात झाकणावर गेला आणि तिथंच थांबला.

झाकण जुनंच होतं. फिकट पिवळं, काठाला हळदीचा डाग पडलेलं. त्याला कुठंही भोक नव्हतं.

“नळ्यांसाठी मी दुसरं झाकण आणलं होतं,” सुकुमार म्हणाला. “चाचींचं कागदात बांधून ठेवलं होतं. म्हटलं, याला भोक नको पाडायला.”

उस्ताद झाकणावरून अंगठा फिरवत राहिले.

…

“उस्ताद,” सुकुमारनं विचारलं, “मी मंगळवारी तुमचं ऐकलं असतं, आणि बंद बरण्या बसवल्या असत्या तर?”

उस्तादांनी बरणी बाकावर दोघांच्या मध्ये ठेवली. मग हात पुढे करून त्यांनी सुकुमारच्या गळ्यातला हार काढला, आणि मान शेडच्या कोपऱ्याकडे वळवली. तिथं माठाशेजारी कैऱ्यांची टोपली होती. हिरव्यागार, सकाळीच उतरवून आणलेल्या. शेजारी विळी, मीठ, मोहरीची पुडी.

“हात धुऊन ये,” बाबालाल उस्ताद म्हणाले. “दोन वर्षं लोणचं घालायचं राहिलंय.”